जास्त व्होल्टेजने गेलेला अँप्लिफायर बोर्ड: दुरुस्ती कुठून सुरू करायची आणि कुठे थांबायचं

गणपतीच्या मांडवात जनरेटरवर चाललेला अँप, गावात न्यूट्रलची तार तुटली तेव्हा चालू असलेलं होम थिएटर, आणि बारा व्होल्टच्या जागी लॅपटॉपचा किंवा चोवीस व्होल्टचा अडॅप्टर लागलेला ब्लूटूथ बोर्ड. तिघांची तक्रार जवळपास सारखीच असते: "फट्‌ आवाज झाला, वास आला, आणि बंद." हा लेख अशा बोर्डांबद्दल आहे. तुम्हाला कथलाचा डाग देता येतो, मल्टिमीटरवर व्होल्टेज मोजता येतं, पण जळका बोर्ड समोर आला की हात कुठे घालायचा ते समजत नाही, असं धरून लिहितोय.

नवशिक्याची पहिली ओढ काळ्या पडलेल्या भागाकडे असते. तो काढला, नवा लावला, चालू केला, आणि नवाही गेला. जास्तीचं व्होल्टेज ज्या वाटेने आत आलं त्या वाटेवरचे दोन-तीन भाग मेलेले असतात, दिसतो मात्र एकच. म्हणून प्लगपासून निघायचं आणि स्पीकरपर्यंत जायचं. एका टप्प्यावरचं व्होल्टेज मोजून बरोबर आल्याशिवाय पुढचा टप्पा जोडायचाच नाही. पुढचं सगळं याच क्रमाने आहे.

उदाहरणाला टीडीए २०३० आयसीचा बोर्ड घेतलाय. सुट्या किटमध्ये आणि टू पॉइंट वन सेटमध्ये ती खूप सापडते, पाचच पाय असतात आणि शिकायला सोपी आहे. तुमच्याकडे दुसरी आयसी असली तरी क्रम तोच.

काय काय जवळ हवं

- डिजिटल मल्टिमीटर. डायोड रेंज आणि बजर हवाच.
- २५ वॅटची सोल्डर, कथील, फ्लक्स, कथील ओढायचा पंप, शक्य झालं तर तांब्याची विणलेली विकही.
- तारेचा बल्ब, ४० किंवा ६० वॅटचा, होल्डरसह. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.
- डीसी बोर्डासाठी मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब.
- कपॅसिटर रिकामे करायला १०० ते ४७० ओहमचा, ५ किंवा १० वॅटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना इन्सुलेशन असलेल्या वायरी जोडून.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश.
- हीटसिंक पेस्ट, अभ्रकाच्या चकत्या.
- जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर.
- कागदपत्रांमध्ये: बोर्डावरच्या प्रत्येक आयसीची डेटाशीट, अडॅप्टर किंवा ट्रान्सफॉर्मरवरच्या लेबलचा फोटो, आणि मिळाला तर सर्किट डायग्राम. डायग्राम बहुतेक वेळा मिळत नाही. त्यावरचा उपाय पुढे सहाव्या पायरीत आहे.

मल्टिमीटरबद्दल एक गोष्ट आधीच. लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही सॉकेटचं व्होल्टेज मोजायला गेलात, तर ते मोजमाप राहत नाही, सरळ शॉर्ट होतो. प्रत्येक वेळी वायर कुठे आहे ते बघून मगच टोकं लावा.

## १. आधी लाईट तपासा, बोर्ड नंतर

सॉकेटमध्ये २३० च्या आसपास, साधारण २०७ ते २५३ व्होल्टच्या दरम्यान मिळत असेल तर ठीक. नसेल तर दुरुस्ती तिथेच थांबवा.

न्यूट्रल तुटल्यावर काय होतं ते समजून घेतलं तर पुढे बरंच उलगडतं. डीपीवरून येणाऱ्या थ्री फेज लाईनमध्ये दोन फेजमध्ये साधारण ४०० व्होल्ट असतात. आपलं घर एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात जोडलेलं असतं, म्हणून २३० मिळतात. न्यूट्रल तुटली की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांच्या सिरीजमध्ये येतात आणि ते ४०० व्होल्ट आपसात वाटले जातात. ज्या घरात भार कमी, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. शेजारी गिझर आणि इस्त्री चालू, तुमच्याकडे फक्त टीव्ही आणि अँप, तर जाणार ते तुमचं सामान. काही बल्ब डोळे दिपवणारे आणि काही मिणमिणते, ही त्याची खूण. अशा वेळी मेन स्विच पाडून वायरमनला बोलवा. ती जोडणी नीट झाल्याशिवाय दुरुस्त केलेला अँप त्या घरात लावायचा नाही.

अडॅप्टरवरचा बोर्ड असेल तर अडॅप्टर मोजा. लेबलवर विसंबू नका. घरातल्या खोक्यात ९, १२, १९ आणि २४ व्होल्टचे अडॅप्टर पडलेले असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांची पिन ५.५ बाय २.१ मिलिमीटरचीच असते. कुठलाही कशातही बसतो. मधली पिन पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह तेही बघा. गिटारच्या पेडलचे ९ व्होल्टचे अडॅप्टर मधे निगेटिव्ह असतात, बाकीचे बहुतेक मधे पॉझिटिव्ह. काही जुन्या अडॅप्टरमधून डीसी नाही, एसी बाहेर येतो. लेबलवर ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

## २. खोलताना

प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. झाकण उघडल्यावर मोठ्या कपॅसिटरांवर रेझिस्टर काही सेकंद धरा आणि मग मीटरने शून्य झालंय का बघा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करायची पद्धत दुकानांमध्ये दिसते. ती उचलू नका, त्यात प्रिंट, म्हणजे बोर्डावरची तांब्याची पट्टी, उडते आणि कपॅसिटरही दुखावतो.

आत ट्रान्सफॉर्मर नसून एसएमपीएस, म्हणजे लॅपटॉपच्या अडॅप्टरसारखा स्विचिंग सप्लाय, असेल तर जास्त जपून. २३० एसीचं शिखर ३२५ व्होल्ट असतं आणि त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तेवढाच डीसी साठलेला असतो. फ्यूज उडाला म्हणजे तो रिकामा असेलच असं नाही. आणि माझं स्पष्ट मत: नवशिक्याने गेलेला एसएमपीएस दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नये. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा तयार एसएमपीएस आणून बसवावा. अपवाद एकच. काचेचा फ्यूज उडालेला आणि त्याच्या मागची निळी किंवा पिवळी चपटी चकती, म्हणजे जास्तीच्या व्होल्टेजचा झटका स्वतःवर घेणारा एमओव्ही, फुटलेली, बाकी सगळं स्वच्छ. म्हणजे एमओव्हीने मरून बाकीच्यांना वाचवलंय. एमओव्ही आणि फ्यूज, दोन्ही त्याच रेटिंगचे बदलून, नवव्या पायरीप्रमाणे सिरीज बल्बवर चालू करून बघता येतो.

वायरी काढण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. कनेक्टरच्या रंगांचा क्रम आठवणीत राहील असं वाटतं, राहत नाही.

## ३. डोळ्यांनी आणि नाकाने

दिव्याच्या उजेडात बोर्ड तिरका धरा. फुगलेला कपॅसिटर वरून सपाट नसतो, त्याच्या डोक्यावरची खाच उचललेली दिसते. काही कपॅसिटर वरून ठीक दिसतात पण खालचं रबर बाहेर ढकललेलं असतं, म्हणून आडवंही बघा. आयसीच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढं भोक किंवा केसासारखी चीर असते. नख फिरवलं की कळते. मासळीसारखा उग्र वास कपॅसिटरचा, भाजलेल्या बेकलाइटचा वास रेझिस्टर किंवा बोर्डाचा.

बोर्डाचाच भाग कोळसा झाला असेल तर तो खरवडून काढावाच लागतो. जळलेल्या बोर्डातला कार्बन वीज वाहतो. वरचा भाग बदलून खालचा कोळसा तसाच ठेवला तर दोन प्रिंटमध्ये गळती राहते आणि काही दिवसांनी तिथेच पुन्हा धूर निघतो. ब्लेडने स्वच्छ पांढरा किंवा पिवळा बोर्ड दिसेपर्यंत खरवडा, अल्कोहोलने पुसा, तुटलेली प्रिंट वायरने जोडा.

## ४. कागदावर मर्यादा लिहून काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर अंधारात चाचपडत बसतात. बोर्डावरच्या प्रत्येक आयसीचा नंबर, आणि तिच्या डेटाशीटमधल्या 'अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम रेटिंग्ज' या तक्त्यातला सप्लायचा आकडा एका कागदावर लिहा. नेहमी भेटणाऱ्या काही आयसींचे असे आहेत:

- टीडीए २०३०: ±१८ व्होल्ट, म्हणजे ग्राउंडच्या वर १८ आणि खाली १८. शेवटी 'ए' असलेली टीडीए २०३०ए: ±२२.
- टीडीए ७२९७: चालायला ६.५ ते १८, सहनशक्ती २०.
- एलएम १८७५: दोन्ही बाजू मिळून ६०.
- टीपीए ३११६: चालायला ४.५ ते २६, सहनशक्ती ३०.
- पीएएम ८४०३: जास्तीत जास्त ५.५ वर चालवायची. मोबाइल चार्जरवरच्या छोट्या बोर्डात असते.
- माइकच्या सर्किटमधली ४५५८: ±१८. एनई ५५३२: ±२२.
- ७८०५ आणि ७८१२ रेग्युलेटर: इनपुटला ३५.

आता आत किती आलं असेल याचा हिशेब करा. १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज बारा गुणिले १.४१४, म्हणजे १७, वजा डायोडमध्ये जाणारं एक, मिळाले ±१६. टीडीए २०३० ला हे चालतं, पण अंतर फार नाही. लाईट २३० ची ३०० झाली की सगळंच तीस टक्क्यांनी वाढतं आणि आयसीला ±२१ मिळतात. टीडीए २०३० तिथेच संपली. टीडीए २०३०ए असती तर जेमतेम वाचली असती. २५ व्होल्टचे कपॅसिटर काठावर, रेग्युलेटर मात्र ठणठणीत. म्हणजे बोर्ड उघडायच्या आधीच संशयितांची यादी तयार. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर टीडीए ७२९७ ला लावला तर ती लगेच मरत नाही, तापत राहते. २४ चा लावला तर लगेच.

## ५. सप्लाय वेगळा काढून तपासा

ट्रान्सफॉर्मरच्या वायरी बोर्डापासून सोडवा. प्लग सॉकेटबाहेरच, त्याच्या दोन पिनांमध्ये, सेटचा स्विच चालू ठेवून, ओहम मोजा. छोट्या ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी, म्हणजे २३० ची बाजू, काही दहा ओहमांपासून काही शे ओहमांपर्यंत येतो. काहीच आलं नाही तर आधी फ्यूज बघा. फ्यूज शाबूत असूनही ओपन असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या पिवळ्या टेपखाली, वाइंडिंगला चिकटून, एक थर्मल फ्यूज दडलेला असतो. ४०० च्या जवळ व्होल्टेज गेलं की ट्रान्सफॉर्मरचा कोअर भरून जातो, प्रायमरी भरमसाट करंट ओढतो आणि हा फ्यूज उडतो. तो वायरने शॉर्ट करून सेट चालू करून देणारे आहेत. पुढच्या वेळी तिथे फ्यूज नसतो आणि आग लागते. बदलायचाच असेल तर त्याच तापमानाचा आणा, डाग देताना त्याचे पाय पकडीने धरून ठेवा. नाहीतर सोल्डरच्या उष्णतेनेच तो उडतो.

प्रायमरी ठीक असेल तर सेकंडरीच्या वायरी एकमेकींना लागणार नाहीत अशा वेगळ्या करून सिरीज बल्बमधून प्लग लावा. भाराशिवाय १२-०-१२ वर प्रत्येक बाजूला तेरा-चौदा आले तरी घाबरू नका. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, हे महत्त्वाचं. एका बाजूला १३ आणि दुसरीकडे ९ असतील तर आत वेढे शॉर्ट आहेत, ट्रान्सफॉर्मर बदला.

मग ब्रिज, म्हणजे एसीचा डीसी करणारे चार डायोड. मीटर डायोड रेंजवर ठेवा. चारपैकी प्रत्येक डायोड एका बाजूने ०.५ ते ०.७ दाखवेल, उलट बाजूने काही नाही. दोन्ही बाजूंनी शून्य म्हणजे शॉर्ट. एक गेला तरी चारही बदला. १एन ४००७ स्वस्त मिळतात, मोठ्या सेटला १एन ५४०८ घाला. मोठे फिल्टर कपॅसिटर फुगलेले नसले तरी जास्त व्होल्टेज खाऊन दमलेले असतात. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, २५ च्या जागी ३५ व्होल्टचे, जागेत बसत असतील तर घाला. पट्ट्याची बाजू निगेटिव्ह.

डीसी बोर्डावर ट्रान्सफॉर्मर-ब्रिजचा प्रश्न नाही. तिथे जॅकच्या मागे लगेच एखादा टीव्हीएस डायोड, झेनर किंवा उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड असतो. तो शॉर्ट होऊन मरतो, त्याचं कामच ते. जॅकवर पॉझिटिव्ह-निगेटिव्हमध्ये शून्य ओहम येत असेल तर सगळ्यात आधी हा सोडवा. बऱ्याचदा बाकी बोर्ड जिवंत निघतो आणि दुरुस्ती तिथेच संपते.

## ६. रेग्युलेटर आणि छोटे सप्लाय

माइक, टोन आणि यूएसबी-ब्लूटूथच्या पॅनलला ५ किंवा १२ व्होल्ट लागतात. ते ७८०५, ७८१२ किंवा झेनरवरून येतात. पॅनलचा कनेक्टर काढून ठेवा, आत्ता जोडायचा नाही. मेलेला रेग्युलेटर दोन तऱ्हेने मरतो: काहीच बाहेर देत नाही, किंवा इनपुटचं सगळं तसंच बाहेर सोडतो. दुसऱ्या तऱ्हेत तुमचं पॅनलही गेलं. ७८०५ मधून ४.८ ते ५.२ मिळाले तरच पॅनल जोडा.

पायांचा क्रम लक्षात ठेवा. ७८०५, ७८१२ समोर धरली की डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. निगेटिव्हसाठीच्या ७९१२ मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट. दिसायला जुळ्या बहिणी. अदलाबदल झाली तर नवी आयसी आणि पुढचं सर्किट दोन्ही जातात.

झेनरवरचा सप्लाय असेल तर त्याच्या आधीचा रेझिस्टर भाजून तपकिरी झालेला सापडतो आणि रंगांच्या पट्ट्या वाचता येत नाहीत. इथे सर्किट डायग्राम नसल्याची अडचण येते, पण बोर्डातच दुसरी प्रत असते. पॉझिटिव्ह बाजूचा रेझिस्टर गेला तर निगेटिव्ह बाजूला बहुतेक तसाच दुसरा असतो. डावा चॅनल गेला तर उजवा चॅनल हाच तुमचा डायग्राम. डायोड रेंजवर काळी वायर ग्राउंडला ठेवून चांगल्या चॅनलच्या आयसीच्या प्रत्येक पायावरचा आकडा कागदावर घ्या, मग वाईट चॅनलचा शेजारी लिहा. जिथे आकडे फारच वेगळे, तिथे बिघाड. डायग्राम हातात असतानाही मी आधी हेच करतो, वेळ कमी लागतो.

## ७. आयसी मेलीय का, हे काढण्याआधी ठरवा

टीडीए २०३० चे पाय: १ आणि २ इनपुट, ३ निगेटिव्ह सप्लाय, ४ आउटपुट, ५ पॉझिटिव्ह सप्लाय. सप्लाय बंद, कपॅसिटर रिकामे, स्पीकर सोडवलेला. ४ आणि ५ मध्ये बजर वाजला, किंवा ४ आणि ३ मध्ये वाजला, तर आउटपुट शॉर्ट आहे.

पण थांबा. या आयसीच्या आउटपुटवरून दोन्ही सप्लायकडे एकेक छोटा डायोड जातो, बहुतेक १एन ४००१ किंवा ४००७. तो शॉर्ट असला तरी मीटरला आयसीच मेलेली दिसते. आधी डायोडांचा एक पाय उचला आणि पुन्हा मोजा. चांगली आयसी उगाच काढली जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हे आहे.

आयसी काढायची तर जिवंत ठेवायच्या नादात बोर्ड मारू नका. मेलेली आहे, तिचे पाय अंगाजवळून कटरने कापा. मग एकेका पायाला थोडं ताजं कथील आणि फ्लक्स लावून, तो वितळला की चिमट्याने अलगद ओढा, आणि भोक पंपाने साफ करा. पाचही पाय एकत्र तापवून आयसी हलवत बसलं की प्रिंट उखडते. स्वस्त कागदी बोर्डांवर तर ती पापुद्र्यासारखी सुटते.

डीसी बोर्डावर बारीक सरफेस माउंट भाग असतील आणि शॉर्ट नेमका कुठे ते कळत नसेल तर एक युक्ती. व्होल्टेज आणि करंट ठरवता येणाऱ्या सप्लायवर १ व्होल्ट आणि १ अँपिअरची मर्यादा लावून ते बोर्डाच्या सप्लायला द्या, बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर ब्रशने फिरवा. जो भाग शॉर्ट आहे तो तापतो आणि त्याच्यावरचं अल्कोहोल बाकीच्यांच्या आधी उडून जातं. ओल्या बोर्डावर एक कोरडा ठिपका दिसतो. पुष्कळदा तो तांदळाच्या दाण्याहून लहान सिरॅमिक कपॅसिटर निघतो. खिडकी उघडी ठेवा, जवळ सोल्डर चालू नको, अल्कोहोल पेट घेतं.

टीपीए ३११६ च्या आयसीची धातूची पाठ वर असते, त्यामुळे ती हॉट एअरने निघते. तिची बहीण ३११८ मात्र पोटाखालून बोर्डाला चिकटलेली असते. तुमच्याकडे खालून तापवायची सोय नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका, आख्खा बोर्ड बदलणं परवडतं.

## ८. नवी आयसी आणणं आणि बसवणं

नकली आयसी हा या कामातला खरा त्रास. छाप अस्पष्ट किंवा लेझरने नव्याने मारल्यासारखी, पाठ घासलेली, पाय आधी डाग दिल्यासारखे मळकट, तर घेऊ नका. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ओळखीचं दुकान धरा. जुनी आयसी खिशात घेऊन जा आणि नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. टीडीए २०३० च्या जागी २०३०ए चालते आणि मी तीच घालतो. उलट करू नका.

टीडीए २०३० ची धातूची पाठ आतून तिसऱ्या पायाला, म्हणजे निगेटिव्ह सप्लायला जोडलेली असते. ± सप्लायच्या सेटमध्ये हीटसिंक ग्राउंडला टेकलेला असेल तर मधे अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश हवाच. बसवून झाल्यावर पाठ आणि हीटसिंक यांच्यात बजर वाजतो का बघा. वाजायला नको. पेस्ट पातळ लावा, लोण्यासारखी थापू नका. आधी हीटसिंकला स्क्रू, मग पायांना डाग. उलट क्रमाने केलं तर पायांवर ताण राहतो.

आउटपुटजवळचा १ ओहमचा छोटा रेझिस्टर आणि त्याला जोडलेला ०.१ किंवा ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही तपासा. ते गेलेले असतील तर नवी आयसी ऐकू न येणाऱ्या सुरात थरथरत राहते आणि स्पीकर गप्प असतानाही तापते.

## ९. पहिल्यांदा चालू करताना

थेट सॉकेटमध्ये प्लग घालायचा नाही. सिरीज बल्ब बनवा: लाकडी बोर्डावर एक होल्डर, एक सॉकेट, फेज बल्बमधून जाऊन सॉकेटला येईल अशी जोडणी. लोंबकळत्या वायरींवर करू नका. स्पीकर आणि पॅनल अजूनही बाहेरच.

चालू केल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंदावला किंवा विझला तर छान, कपॅसिटर भरले. भडक पेटूनच राहिला तर अजून शॉर्ट आहे. बंद करा, पाचव्या पायरीवर परत जा. बल्ब करंट अडवतो म्हणून या वेळी काही जळत नाही. १२ व्होल्टच्या डीसी बोर्डाला हीच सोय पॉझिटिव्ह वायरमध्ये इंडिकेटरचा बल्ब घालून होते.

आता आउटपुट आणि ग्राउंडमध्ये डीसी मोजा. ± सप्लायच्या टीडीए २०३० ला काही दहा मिलिव्होल्ट ठीक. १०० मिलिव्होल्टच्या वर असेल तर स्पीकर जोडू नका. एकेरी सप्लायच्या बोर्डात आउटपुटच्या मोठ्या कपॅसिटरच्या आधी निम्मा सप्लाय असतो आणि कपॅसिटरनंतर शून्य, ते बरोबर आहे.

टीडीए ७२९७ सारख्या ब्रिज आयसीत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर ग्राउंडपासून निम्मा सप्लाय असतो, १२ व्होल्टवर साधारण सहा-सहा, आणि दोघींमध्ये जवळपास शून्य. इथली काळी वायर ग्राउंड नाही. दोन स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र बांधून ग्राउंडला जोडल्या तर नवी आयसी जाऊ शकते.

## १०. स्पीकर आणि इनपुट

मूळ स्पीकर मोजा. ८ ओहमचा मीटरवर ६ ते ७, ४ ओहमचा साडेतीनच्या आसपास दाखवतो. ओपन असेल किंवा कोन हाताने अलगद दाबल्यावर खरखरत असेल तर आयसी शॉर्ट झाली तेव्हा डीसी जाऊन त्याची कॉइल भाजली आहे. पहिली चाचणी जुन्या स्पीकरवर, आवाज कमी ठेवून, अजूनही बल्बमधूनच. इनपुटच्या वायरीला बोट लावल्यावर स्पीकरमधून गुणगुण आली की चॅनल जिवंत.

मग बल्ब काढून थेट लाईटवर दहा-पंधरा मिनिटं चालवा. नंतर प्लग काढून मगच हीटसिंकला हात लावा. काहीच न वाजवता तो चटका देत असेल तर आठव्या पायरीतला रेझिस्टर-कपॅसिटर पुन्हा बघा. चांगली बातमी मिळाल्यावरच मूळ स्पीकर, मग पॅनल, मग झाकण.

## ११. कधी सोडून द्यायचं

आयसी, रेग्युलेटर, पॅनल आणि ट्रान्सफॉर्मर सगळंच गेलं असेल तर हिशेब बसत नाही. प्रिंट सहा-सात ठिकाणी उखडली असेल, किंवा बोर्डाला आरपार भोक पडलं असेल तरीही नाही. ब्लूटूथ पॅनलवरची चिप गेली तर ती दुरुस्त करायच्या फंदात पडू नका, पॅनल बदला. घेताना ते ५ व्होल्टचं की १२ चं ते बघा. भजनी मंडळांच्या जुन्या, २एन ३०५५ ट्रान्झिस्टरच्या अँपचं उलट आहे. त्यातला प्रत्येक भाग सुटा मिळतो, जागा ऐसपैस असते, आणि हात घातलेला वाया जात नाही.

## १२. परत जाऊ नये म्हणून

सेटच्या आत, फ्यूजच्या नंतर, फेज आणि न्यूट्रलमध्ये १४डी ४७१ हा एमओव्ही जोडा. तो फ्यूजच्या आधी जोडला तर शॉर्ट झाल्यावर त्याला अडवणारं काही नसतं आणि तोच पेटतो. एमओव्ही विजेच्या किंवा स्विचिंगच्या क्षणिक झटक्यासाठी असतो. न्यूट्रल तुटून मिनिटभर ३५० व्होल्ट राहिले तर तो शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो, म्हणून फ्यूज त्याच रेटिंगचाच हवा. न्यूट्रलचा त्रास वारंवार होत असेल तर जास्त व्होल्टेजला लाईन तोडणारा प्रोटेक्टर मीटरजवळ बसवून घ्या, ते काम वायरमनचं.

अडॅप्टरच्या वायरीवर आणि बोर्डाच्या जॅकजवळ मार्करने तोच आकडा लिहा, '१२ डीसी, मधे प्लस'.

जनरेटरवर अँप लावायचा असेल तर जनरेटर सुरू होऊन स्थिर झाल्यावर मीटर लावून बघा आणि मगच प्लग घाला. हॅलोजनची आख्खी माळ एकदम बंद केली की जनरेटरचं व्होल्टेज क्षणभर उसळतं, म्हणून आरती संपल्यावर आधी अँप बंद करायचा, मग दिवे, शेवटी जनरेटर. डिझेल संपेपर्यंत चालवू नका. इंजिन आचके देत बंद पडताना व्होल्टेज खालीवर होत राहतं. मांडवातल्या जनरेटरवाल्याला हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा, मिरवणुकीच्या गडबडीत कोणी ऐकत नाही.